भिन्न मताचा धनी

६ फेब्रुवारी

माझ्या पत्नीचे बंधू आणि एके काळचे माझे विद्यार्थी यांस,

पाकिटावरचे अक्षर ओळखूनही तुम्ही हे पत्र उघडले असेल, तर प्रथम त्याबद्दल आभार मानतो.

तुमच्या ताईच्या डाव्या कानाच्या पडद्यावर या महिन्याच्या बारा तारखेला शस्त्रक्रिया आहे. आपल्या गावातील डॉक्टरांनी हात टेकले, म्हणून इतक्या दूर आलो. रुग्णालयापासून दोन गल्ल्यांवर एक खोली भाड्याने घेतली आहे. खोलीत दोन खाटा, एक स्टोव्ह आणि रस्त्याकडे उघडणारी खिडकी आहे. काळजीचे कारण नाही, असे येथील डॉक्टर म्हणतात.

आता कामाचे. एकोणीस वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या ग्रंथपालांविरुद्ध जी चौकशी झाली, तिच्या अहवालाला तुम्ही भिन्न मताचे टिपण जोडले होते. त्याची तुमच्या सहीची मूळ प्रत तुमच्याजवळ असणार. कागद जपण्याची सवय तुम्हांला मीच लावली, म्हणून हे गृहीत धरतो. ती प्रत, किंवा तिची साक्षांकित नक्कल, वरील पत्त्यावर पाठवावी. जुन्या कागदपत्रांची व्यवस्था लावीत आहे. बहात्तराव्या वर्षी माणसाने हे काम दुसऱ्यांवर ठेवू नये.

येथे एक जुनी ओळख अकस्मात निघाली. तिचा या विनंतीशी संबंध नाही.

ताई आशीर्वाद सांगते. तिला दोन ओळी लिहावयाच्या होत्या, परंतु कागदावर जागा उरली नाही.

— तुमच्या ताईचे यजमान


१७ फेब्रुवारी

धाकट्यास,

तुझे कार्ड मिळाले. एवढ्या कोऱ्या कार्डावर एकच शब्द: 'कशासाठी?' प्रतिपक्षाला असे मोजके विचारावे, म्हणजे त्याला आडोसा मिळत नाही, हे मी तर्कशास्त्राच्या वर्गात सांगत असे. तू ते विसरलेला नाहीस.

ताईची शस्त्रक्रिया नीट झाली. डोक्याला पट्टी आहे, त्यामुळे ती कोणत्याही बाजूने बोललेले ऐकू येत नसल्याचे सोंग करू शकते, आणि करते.

मागील पत्रात तीन विधाने असत्य होती. कागदावर जागा होती. जुन्या कागदपत्रांची व्यवस्था मी लावीत नाही. आणि जी ओळख निघाली तिचाच या विनंतीशी संबंध आहे. क्रमाने सांगतो.

येथील रुग्णालयात नवा रुग्ण आला की त्याच्या नावाची फाइल 'नोंदी' असे लिहिलेल्या खिडकीतून घ्यावी लागते. दोन तारखेला मी त्या रांगेत उभा होतो. माझ्या पुढे पंधरा-वीस माणसे होती, तरी रांग भराभर सरकत होती. खिडकीमागचा माणूस आकडा ऐकायचा, मागे वळायचा आणि फळीवर न शोधता हात घालून फाइल काढायचा. ही लकब मी कोठेतरी पाहिली आहे असे वाटले. खिडकीशी पोचलो तेव्हा त्याने चष्मा कपाळावर सरकवला.

"सर?"

आपले ग्रंथपाल. शिक्षककक्षात आपण ज्यांना 'सूचीपत्र' म्हणत असू, ते.

मी काय केले असेल? मी म्हणालो, "आपली काहीतरी गल्लत होते आहे." आवाज स्थिर होता. मला त्याचे आश्चर्य वाटले नाही, हेच आता आश्चर्याचे वाटते.

परंतु मागे तुझी ताई उभी होती. "अहो, गल्लत कसली? हे आपले सूचीपत्र! किती वाळलात हो! वहिनी कुठे असतात?"

"इथंच. ताई, तुम्ही जराही बदलला नाहीत."

"डावा कान बदललाय. या उजव्या बाजूला येऊन बोला."

रांगेतले लोक हसले. ग्रंथपालांनी खिडकीतून हात बाहेर काढून माझा हात धरला. "सर, तुम्ही मला ओळखलं नाहीत, तुमची चूक नाही. माझी रयाच गेली. पण मी तुम्हाला विसरेन होय? चार तारखेला जेवायला यायचं. नाही म्हणायचं नाही."

मी नाही म्हणालो नाही.

दोन खोल्यांचे घर. बाहेरच्या खोलीत एका भिंतीला पुस्तके आहेत, स्वतः विकत घेतलेली. प्रत्येकाच्या कण्यावर पांढरी पट्टी आणि तिच्यावर क्रमांक. घरातल्या पुस्तकांनाही क्रमांक देणारा मनुष्य आपण चौकशीला बसवला होता! वहिनींनी ताट वाढताना सांगितले, "घरात पुस्तक वाचायचं तरी वहीत लिहावं लागतं हो. मी एकदा न लिहिता उशाला नेलं, तर दोन दिवस अबोला."

"नियम तो नियम," ग्रंथपाल म्हणाले. "एकदा मोडला, तेवढा पुरला."

तो कोणता नियम, हे तुला सांगावयास नको. तरी मांडणी पूर्ण असावी म्हणून लिहितो. नोंदवहीत नोंद झाल्याशिवाय ग्रंथ बाहेर जाऊ नये, हा नियम होता. आम्हां ज्येष्ठ प्राध्यापकांना नोंद होईपर्यंत उभे राहण्याचा कंटाळा. आम्ही चिठ्ठी खरडून देत असू आणि ते भिडेपोटी घेत असत. चिठ्ठ्या पत्र्याच्या डब्यात राहत. खोलीच्या रंगकामात डबा गेला, आणि वार्षिक मोजणीत सात ग्रंथ कमी भरले. ते कोणी नेले, असे आपल्या तिघांच्या समितीने त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "कागद हातात नसताना कुणाचं नाव घेतलं तर तो आळ होईल." एकाही प्राध्यापकाचे नाव त्यांनी घेतले नाही. बाहेरून आलेले ते निवृत्त अधिकारी आणि मी, अशा दोघांनी त्यांना दोषी ठरवले. तू एकटा विरुद्ध होतास. अहवालाच्या रिवाजाप्रमाणे 'बहुमताने' एवढेच लिहिले गेले. तुझे टिपण बिनसहीचे परिशिष्ट म्हणून जोडले गेले. कोणी कोणते मत दिले हे त्यांना कधीच कळले नाही.

किंवा त्यांनी ते तर्काने काढले.

जेवण झाल्यावर त्यांनी अहवालाची प्रत आणली. घड्यांवर ती फाटली होती आणि मागून पातळ कागद लावून जोडली होती. परिशिष्ट त्यांनी कागदाकडे न पाहता म्हणून दाखवले. तोंडपाठ.

"सर, सही नसली म्हणून काय झालं? आधी समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडायची, मग तिच्यातला कच्चा दुवा दाखवायचा, आणि शेवटी एका ओळीत निष्कर्ष. रिकाम्या तासाला मी तुमच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसायचो. हे दुसऱ्या कुणाचं असूच शकत नाही."

मी पाण्याचा पेला उचलला.

"ते अधिकारी तर ठरवूनच आले होते. आणि धाकटे सर... चांगला मुलगा, पण नोकरी कायम नव्हती त्यांची. त्यांची कुठली एवढी छाती!"

धाकट्या, मी पाणी प्यालो आणि पेला खाली ठेवला. एवढेच केले.

वहिनी म्हणाल्या, "तेव्हा हे रात्र-रात्र बसून असायचे. मी म्हणायचे, अहो, तिघांतल्या एकाला तरी पटलंय ना? मग झालं तर. त्या एका माणसाच्या जिवावर आम्ही इथवर आलो, सर."

आता 'कशासाठी'चे उत्तर. विद्यापीठाने जुन्या चौकशांचा फेरविचार करण्याचे ठरवले आहे. अर्ज एकतीस मार्चपर्यंत पोचला पाहिजे, आणि सोबत मूळ समितीच्या एका तरी सदस्याचे सहीचे निवेदन पाहिजे. ते अधिकारी वारले. उरलो तू आणि मी. ग्रंथपालांना नुकसानभरपाई नको आहे. आदेशात 'ग्रंथांचा अपहार' असे शब्द आहेत. ते शब्द खोडले जावेत, एवढीच त्यांची मागणी. "मरायच्या आत, सर," असे ते हसत म्हणाले. परिशिष्ट आपलेच, असे मी लिहून द्यावे, ही त्यांची विनंती.

मी "पाहतो" म्हणालो.

तुझे टिपण मी कशासाठी मागवले, हे मी स्वतःलाही स्पष्ट विचारले नव्हते. आता विचारतो. ते तुझ्या सहीने सादर करावयाचे होते, की ते तुझ्याजवळ राहू नये असे मला वाटत होते? पहिल्या पर्यायाच्या बाजूने मला पुरावा सापडत नाही.

— ताईचे यजमान


२३ फेब्रुवारी

धाकट्यास,

तुझे उत्तर आलेले नाही. ते येईपर्यंत थांबणे योग्य झाले असते. परंतु मागील पत्र अपुरे होते, आणि अपुरी कबुली ही असत्याहून सोयीची असते, एवढे मला कळते.

त्या दिवशी जेवून आम्ही पायी परतलो. रस्त्याला दुकाने उघडी होती, एक मनुष्य पदपथावर छत्र्या दुरुस्त करीत बसला होता. तुझी ताई माझ्या उजव्या हाताला चालत होती, म्हणजे तिचा निकामी कान माझ्याकडे होता. मला ते बरे वाटले. मी सावकाश बोलू लागलो: त्या क्षणी सत्य सांगणे म्हणजे यजमानांच्या घरात त्यांचा आनंद मोडणे झाले असते, शिवाय मी स्पष्ट होकार दिलेला नाही, मौन म्हणजे संमती असे नेहमीच म्हणता येत नाही...

ती उभी राहिली. "एकच कान गेलाय माझा. दुसरा शाबूत आहे."

"मी केवळ..."

"तुम्ही आज माझ्या भावाच्या पानावर जेवलात. आणि वर त्याची छाती काढली ती ऐकून घेतलीत."

"मी काही बोललो नाही."

"तेच म्हणते मी!" छत्रीवाल्याने वर पाहिले. तिने आवाज उतरवला नाही. "एकोणीस वर्षं मी माहेर विसरले. तुमचं खरं असेल म्हणून नाही. घरात रोज वाद कोण घालणार, म्हणून. आई गेल्यावर त्याला मी वाढवलं, आणि तुमच्यासाठी त्याला साधं पत्र टाकायची चोरी. आता पुरे. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. आणि मी सांगायला लागले, तर पुस्तकाचंही सांगेन."

पुस्तक. हे तुला ठाऊक नाही. ताईने तुला सांगितले असेल असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो. त्या दिवशी कळले की तिने ते कोणालाही सांगितलेले नाही.

सात ग्रंथांपैकी एक माझ्याकडे होता. अनुमानावरचा, निळ्या पुठ्ठ्याचा, जाड. मी तो चिठ्ठीवर नेला होता आणि विसरलो होतो. चौकशी चालू असताना मला तो आठवला नाही, हे सत्य आहे. त्यावर तू विश्वास ठेवावास अशी अपेक्षा नाही. अहवालावर सही केल्यानंतर आठव्या दिवशी तुझ्या ताईने कपाट हलवून झाडले. मागे पडलेला तो ग्रंथ तिने पदराने पुसून माझ्या हातात दिला. ती म्हणाली, "म्हणजे चिठ्ठ्या खऱ्या होत्या."

बडतर्फीचा आदेश निघण्यास तेव्हा अकरा दिवस बाकी होते. प्राचार्यांचे कार्यालय घरापासून सात मिनिटांवर होते.

मी काय केले ते सांगतो. मी वाद घातला. बायकोशी, आणि मुख्यतः स्वतःशी. सातांतील एक ग्रंथ सापडल्याने सहांचा हिशेब लागत नाही. एका उदाहरणावरून सर्वांविषयी निष्कर्ष काढणे सदोष आहे. म्हणून अहवाल उभा राहतो. युक्तिवाद निर्दोष होता. आजही मला त्यात आकाराचा, म्हणजे मांडणीचा, दोष काढता येत नाही. फक्त प्रश्न तो नव्हता. प्रश्न असा होता की 'चिठ्ठ्या होत्या' असे म्हणणाऱ्या माणसाला आपण खोटा ठरवले, आणि तो खरा असल्याचा पुरावा माझ्या हातात, माझ्या घरात, धुळीसकट होता.

दुसऱ्या दिवशी मी तो ग्रंथ पिशवीतून नेला आणि ग्रंथालयात भलत्याच फळीवर, मागच्या रांगेत ठेवून दिला. पुढच्या मोजणीत तो 'सापडला'. तोवर ते गाव सोडून गेले होते.

त्याच वर्षी तुला कायम करण्याचा विषय आला. त्या बैठकीला मला ताप होता, असे मी कळवले. मला ताप नव्हता. तुझे टिपण वाचून प्राचार्य नाराज होते, आणि तुझी बाजू घेताना माझ्या तोंडून नको ते निघेल अशी मला भीती होती. तुला कायम केले गेले नाही, तेव्हा तू माझ्या दारात येऊन एवढेच म्हणालास, "सर, तुम्ही शिकवलंत ते मी केलं." मी तुला म्हणालो, "भावनेच्या आहारी जाऊ नये." त्यानंतर तू आलेला नाहीस.

उद्या नोंदीच्या खिडकीवर जाणार आहे. हे पत्र आधी पेटीत टाकतो, म्हणजे परत फिरण्याची सोय राहणार नाही.


२ मार्च

धाकट्यास,

तुझे कार्ड काल आले. 'आधी त्यांना सांगा. मग बोलू.' तू हे लिहीत होतास तेव्हा सांगून झाले होते. हे श्रेय म्हणून सांगत नाही. ताईच्या धाकाने जे केले त्याला श्रेय नसते.

चोवीस तारखेला दुपारी खिडकी बंद होण्याच्या वेळेला गेलो. त्यांनी मला आत बोलावले. जमिनीपासून छतापर्यंत फायली, मध्ये एक टेबल, दोन स्टुले. त्यांनी स्वतःच्या डब्याच्या झाकणात चहा ओतून माझ्यापुढे ठेवला आणि पेला स्वतःला घेतला.

"निवेदन आणलंत, सर?"

मी उभ्यानेच सांगितले. परिशिष्ट माझे नाही. ते माझ्या मेहुण्याचे आहे. मी बहुमतात होतो. अहवालातील तो परिच्छेद, ज्यात त्यांचे मौन हा त्यांच्याविरुद्धचा पुरावा मानला आहे, तो माझ्या हातचा आहे.

ते बराच वेळ टेबलावरच्या फायलींचे कोपरे जुळवत राहिले. मग म्हणाले, "धाकटे सर?"

"होय."

"नोकरी गेली ना त्यांची?"

"होय."

मग मी ग्रंथाचे सांगितले. नाव सांगताच त्यांनी माझे बोलणे थांबवले, आणि पुढचे ते स्वतः बोलले. धाकट्या, ते मी शब्दशः लिहितो, कारण त्यात माझी एक अक्षराचीही भर नसावी.

"निळा पुठ्ठा. चौथ्या कपाटात दुसरी फळी. गुरुवार होता, तुम्हाला गाडी गाठायची होती. हजेरीच्या कागदाचा तुकडा फाडून त्यावर लिहून दिलंत. सर, सातही चिठ्ठ्या कुणाकुणाच्या, ते मला पाठ होतं. माझं दुसरं काम काय होतं? समितीसमोर बसलो तेव्हा त्या सातांतले एक तुम्ही माझ्या समोरच होता."

"मग माझं नाव का नाही घेतलंत?"

"कागद नव्हता. आणि वाटलं, मी कशाला बोलू? तुम्ही समोर आहात, तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही स्वतःच बोलाल. त्या दिवशी बोलला नाहीत. मग अहवाल आला, परिशिष्ट वाचलं, आणि म्हटलं... बोलले. आपल्या पद्धतीनं का होईना, बोलले."

मी क्षमा मागितली. ती मागताना माझी वाक्ये व्यवस्थित होती, याची मला लाज वाटली. एवढ्यात बाहेरून कोणीतरी खिडकीवर टकटक केली. ते उठले, चष्मा पुसला आणि खिडकी उघडून म्हणाले, "आकडा सांगा." वेळ संपली होती तरी त्यांनी ती फाइल काढून दिली. त्यानंतर आणखी एक. माझ्याकडे त्यांची पाठ होती. मी चहा प्यालो नाही, तसाच बाहेर आलो.

परवा वहिनी खोलीवर आल्या. ताईची पट्टी निघाली होती, ती पाहायला. दोघी तासभर खिडकीशी बोलत बसल्या. मी बाहेर जिन्यात उभा होतो. तुझे नाव दोन-तीनदा ऐकू आले, आणि एकदा दोघींचे हसणे. निघताना वहिनी माझ्यापाशी थांबल्या.

"सर, आमच्या घरात एकोणीस वर्षं तुमचं नाव निघालं की हे आपोआप सावरून बसायचे. त्या दिवसापासून नुसते बसून असतात. यावर काय करायचं, ते तुमच्या शास्त्रात असेल तर सांगा."

माझ्या शास्त्रात ते नाही. मी तसे सांगितले. "बरं," म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या.

ताईचा निर्णय तिच्याच शब्दांत: "घरी नंतर. आधी भावाकडे." ती दहा तारखेच्या गाडीने निघते आहे. स्टेशनवर घ्यायला ये. तिला उजव्या बाजूने हाक मार, डावीकडून अजून नीट ऐकू येत नाही. मी येणार नाही. तू बोलावशील असे नाही, परंतु बोलावलेस तरी इतक्यात येऊ नये असे मला वाटते. या पत्रांना तू उत्तर दिलेस, एवढ्याचाही मी हक्कदार नव्हतो.

माझे निवेदन काल विद्यापीठाकडे नोंदणी टपालाने गेले. त्यात ग्रंथ आहे, चिठ्ठी आहे, ते अकरा दिवस आहेत आणि तापही आहे. माझ्या निवेदनाने ग्रंथपाल खरे ठरतात. ते निर्दोष ठरायला मात्र तुझे टिपण लागेल, तुझ्या सहीचे. ते मला पाठवू नकोस. थेट त्यांच्याकडे पाठव, पत्ता मागे लिहिला आहे. एकतीस तारीख विसरू नकोस.

निवेदनाची नक्कल सोबत जोडली आहे. ती तपास. कोठे मी स्वतःला सोयीचा शब्द वापरला असेल, तर तो खोडून तुझा लिही आणि दुरुस्ती विद्यापीठाला कळव. माझ्या लेखनावर लाल शाई वापरण्याचा अधिकार मी तुला आज देतो आहे असे नव्हे. तो तुला त्या वेळीही होता.

— तुझा शिक्षक, हे लिहावे की नाही ते ठरवता आले नाही